चंद्रावर साडेसात तोळे सोनं किती भरेल?

शिरढोणहून एका वाचक भगिनीचा आम्हाला प्रश्न आला आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचं, पनवेल तालुक्यातलं हे गाव वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. या आपांनी रमजानच्या आधी जकातीचा हिशेब करायला घेतला आणि त्यासाठी घरातले दागिने सोनाराकडून तोलून आणले. चिठ्ठीवरचे आकडे वहीत उतरवत असताना सहावीतला मुलगा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अम्मी, हेच दागिने चंद्रावर नेऊन तोलले तर सहावा हिस्साच भरतील. साडेसात तोळ्यांचे होतील सव्वा तोळा. मग जकात माफ!"

घरात हशा पिकला. पण आपा लिहितात की रात्री झोपताना प्रश्न डोक्यातून जाईना. पोराला शाळेत जे शिकवलं ते खोटं तर नाही. आणि जकात माफ होईल हेही पटत नाही. मग चुकतंय कुठे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असं आम्हाला वाटलं. "चंद्रावर वजन सहापट कमी होतं" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केलेलं असतं. पण वजन कमी होतं म्हणजे नेमकं काय कमी होतं, हे फार थोड्यांना नीट सांगता येतं. आम्हालाही हा लेख लिहायला बसल्यावर दोन-तीन ठिकाणी थांबून विचार करावा लागला.

आधी थेट उत्तर देतो. मुलाचा आकडा बरोबर आहे. सोनाराकडचा काटा जसाच्या तसा उचलून चंद्रावर नेला आणि त्यावर ८७.४८ ग्रॅम सोनं, म्हणजे साडेसात तोळे, ठेवलं तर तो जेमतेम साडेचौदा ग्रॅम दाखवेल. आणि अम्मीचंही बरोबर आहे, कारण सोनं रतीभरही कमी झालेलं नसेल. कमी झाली ती फक्त त्याला खाली खेचणारी ओढ.

काटा नक्की काय मोजतो?

आपल्या बाजारात दोन जातीचे काटे आहेत. एक जुना तराजू. मधे दांडी, दोन बाजूंना दोन पारडी, एका पारड्यात लोखंडी वजनं आणि दुसऱ्यात माल. दुसरा स्प्रिंगचा काटा, भंगारवाल्याच्या हातात हुक लावलेला असतो तो. पोतं लटकवलं की स्प्रिंग ताणली जाते आणि काटा सरकतो. किराणा दुकानातला, सोनाराच्या काचेच्या पेटीतला आणि दवाखान्यातला इलेक्ट्रॉनिक काटा दिसायला वेगळा असला तरी स्वभावाने या दुसऱ्याच जातीचा. त्याच्या पोटात धातूचा एक तुकडा असतो. वर भार आला की तो केसाच्या अंशाइतका वाकतो आणि हे वाकणं विजेच्या इशाऱ्यात बदलून पडद्यावर आकडा उमटतो. म्हणजे हा काटा वस्तू खाली किती जोराने दाबते आहे तेवढंच जाणतो. वस्तूत माल किती आहे हे त्याला ठाऊक नसतं. दाबावरून मालाचा अंदाज बांधायला त्याला शिकवलेलं असतं, आणि ते शिकवणं पृथ्वीवर झालेलं असतं.

चंद्रावर दाबच सहावा हिस्सा राहतो. काटा बिचारा पृथ्वीचा हिशेब लावून चुकीचा आकडा सांगतो.

आता तिथेच जुना तराजू उभा करा. एका पारड्यात सोनं, दुसऱ्यात तेवढ्याच भाराची वजनं. ओढ सोन्यावरही सहावा हिस्सा आणि वजनांवरही सहावा हिस्सा. दांडी आडवीच राहणार. शिरढोणला जुळलेलं पारडं चंद्रावरही जुळेल. तराजू माल मालाशीच ताडून बघतो, त्यामुळे पायाखालची जमीन कुठली आहे याने त्याला फरक पडत नाही.

शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. वस्तूत जितका पदार्थ आहे ते वस्तुमान, आणि त्याला जमीन जितक्या जोराने ओढते ते वजन. किलो आणि ग्रॅम ही वस्तुमानाची मापं आहेत. वजनाचं खरं माप न्यूटन. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, त्यात हे सगळं येतं. पण धडा संपला की आपण पुन्हा "माझं वजन साठ किलो" असंच म्हणतो. म्हणायला हरकत नाही, कारण पृथ्वीवर राहून दोन्हींची गल्लत केली तरी सहसा काही बिघडत नाही. गल्लत उघडी पडते ती चंद्रावर गेल्यावर.

जकातीचा निसाब हा मालाचा आहे, ओढीचा नाही. म्हणून तो जमीन बदलल्याने बदलत नाही. फित्र्याचं तर आणखी सोपं आहे. फित्र्याचं मूळ माप 'साअ' हे भरून मोजायचं माप आहे, आपल्या कोकणातल्या पायलीसारखं. भातशेतीच्या या पट्ट्यात आजी-आजोबांच्या काळी धान्य तोलत नसत. शेर, अधोली, पायली भरून मोजत. पायलीत किती दाणे मावतात हे पायलीच्या आकारावर ठरतं. चंद्रावर नेऊन भरली तरी पायलीत तेवढेच तांदूळ बसतील.

तोळ्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो, कारण चंद्रापेक्षा हा घोळ घरोघरी जास्त आहे. निसाबातला तोळा जुना, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. त्या हिशेबाने सोन्याचे साडेसात तोळे ८७.४८ ग्रॅम होतात आणि चांदीचे साडेबावन्न तोळे ६१२.३६ ग्रॅम. पण आज महाराष्ट्रातल्या सराफ बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. ज्यांच्याकडे ८० ग्रॅम सोनं आहे त्यांना सोनार म्हणतो "आठ तोळे", आणि त्या साडेसातशी तुलना करून हिशेब मांडतात. इथे सोनं तेच आणि जमीनही तीच, तरी नुसता शब्द बदलल्याने निसाबाच्या अलीकडचं सोनं पलीकडे गेलं. तेव्हा हिशेब ग्रॅममध्येच करावा. सोबत चांदी, रोकड किंवा धंद्याचा माल असेल तर निसाब कुठल्या धातूने धरायचा हा मसला आपल्या आलिमांना विचारावा. त्यात आम्ही पडत नाही.

सहावाच हिस्सा का?

चंद्रावर वजन कमी का होतं, असं मुलांना विचारलं तर दहातली निम्मी मुलं सांगतात, "तिथे हवा नाही म्हणून." मोठ्यांकडूनही आम्ही हे ऐकलं आहे. हवेचा यात काही संबंध नाही. हवा आपल्याला खाली दाबून धरते असा समज यामागे असावा, पण जमिनीशी आपल्याला बांधून ठेवते ती पृथ्वीची ओढ. एखाद्या बरणीतली हवा काढून घेतली तर आतला खडा तरंगायला लागत नाही, तळाशीच पडून राहतो.

ओढ दोन गोष्टींवर ठरते. खेचणाऱ्याच्या अंगात पदार्थ किती, आणि त्याच्या मध्यापासून आपण किती लांब. चंद्रात पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या हिश्श्याइतकाच पदार्थ आहे. म्हणजे एक्याऐंशी चंद्र एकत्र केले तर एक पृथ्वी होईल. मग वजनही एक्याऐंशीवा हिस्सा व्हायला हवं होतं. साठ किलोच्या माणसाचं पाऊण किलो! तसं होत नाही, कारण चंद्र लहान आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर उभा असलेला माणूस त्याच्या मध्याच्या खूप जवळ असतो. पृथ्वीच्या मध्यापासून आपण सुमारे ६३७१ किलोमीटरवर आहोत. चंद्रावर तेच अंतर सुमारे १७३७ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेचार पटीने कमी.

आणि अंतराचा नियम असा की अंतर निम्मं झालं तर ओढ दुप्पट न होता चौपट होते. तिसरा हिस्सा झालं तर नऊपट. पावणेचार पटीच्या जरा खाली धरलं तर साडेतेरापट. आता एका बाजूने पदार्थ कमी म्हणून ओढ एक्याऐंशी पटीने घटली आणि दुसऱ्या बाजूने जवळ असल्यामुळे साडेतेरा पटीने वाढली. एक्याऐंशीला साडेतेराने भागा. सहा येतात.

आम्हाला हा हिशेब फार आवडतो. पाठ केलेला आकडा दोन ओळींच्या भागाकारातून समोर उभा राहतो.

विक्रम कसं उतरलं

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी ते टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलं. टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. पण त्या उतरण्यात चंद्रावरच्या कमी वजनाचा किती मोठा हात होता, हे त्या धामधुमीत फारसं कुणी सांगितलं नाही.

प्रग्यान रोव्हर धरून विक्रम १७५२ किलोचं होतं. त्याला उतरताना सांभाळायला खाली चार मोठी इंजिनं होती आणि प्रत्येकाचा जोर ८०० न्यूटन. घरगुती भाषेत सांगायचं तर पृथ्वीवर एक इंजिन सुमारे ८० किलो तोलून धरू शकेल. चारही पूर्ण ताकदीने पेटवली तरी सव्वातीनशे किलो. आता हे लँडर भरल्या टाकीनिशी शिरढोणच्या एखाद्या शेतात उभं करून इंजिनं पेटवली तर काय होईल? धूळ उडेल, आवाज होईल, पण पावणेदोन टनांचा तो डोलारा जमिनीवरून बोटभरही उचलला जाणार नाही.

चंद्रावर त्याच १७५२ किलोंचा भार पृथ्वीवरच्या २९० किलोंइतकाच पडतो. सव्वातीनशेची ताकद आणि दोनशे नव्वदचा भार. गाडं जमलं! शिवाय खाली येता येता इंधन जळत गेलं, तसा भार आणखी उतरला. शेवटच्या टप्प्यात तर चारातली दोनच इंजिनं चालू ठेवून विक्रमने अलगद पाय टेकले.

पुढे ३ सप्टेंबरला इस्रोने विक्रमला पुन्हा इंजिनं पेटवायला लावून एक उडी मारायला लावली. ते सुमारे ४० सेंटीमीटर वर उठलं आणि तीस-चाळीस सेंटीमीटर बाजूला जाऊन उभं राहिलं. बातमीत दोन ओळींत संपलेली ही गोष्ट. पण जे यंत्र इथे जागचं हललं नसतं ते तिथे टुणकन उडी मारतं, याहून चांगला दाखला मुलांना देता येणार नाही. छोटं प्रग्यान तर २६ किलोचं. तिथे त्याचा भार सव्वाचार किलोंच्या आसपास, बाजारातून आणलेल्या कलिंगडाएवढा.

हलकं, पण नाजूक नाही

इथे एक गैरसमज होतो. चंद्रावर सगळं हलकं, म्हणजे तिथे पडलं-आपटलं तरी लागणार नाही, असं वाटतं. उंचावरून पडण्यापुरतं ते काही अंशी खरं आहे, कारण तिथे वस्तू सावकाश खाली येते. पण धडकेचं तसं नाही.

क्रिकेटचा लेदरचा चेंडू घ्या. साधारण १६० ग्रॅमचा. चंद्रावर स्प्रिंगच्या काट्यावर तो २७ ग्रॅम भरेल. त्याला फटका मारला तर तो इथल्यापेक्षा कितीतरी लांब जाईल. अडवायला हवाही नाही, तेव्हा सीमारेषा कुठे आखायची हाच प्रश्न. पण तोच चेंडू गोलंदाजाने इथल्याइतक्याच वेगाने टाकला आणि तो बोटावर बसला, तर बोट इथल्याइतकंच मोडेल. कारण मार बसतो तो चेंडूतल्या पदार्थाचा आणि वेगाचा. ते दोन्ही जागच्या जागी आहेत.

अपोलो १६ चे अंतराळवीर चार्ल्स ड्यूक यांनी हे एप्रिल १९७२ मध्ये प्रत्यक्ष अनुभवलं. काम संपत आलं होतं. त्यांनी आणि जॉन यंग यांनी ठरवलं की चंद्रावर उंच उडीची गंमत करून दाखवायची. अंगावरचा पोशाख आणि पाठीवरची श्वासाच्या हवेची पेटी मिळून जवळपास आणखी एका माणसाचा भार. तिथे तो हलका लागत होता म्हणून ड्यूक यांनी जोरात उडी मारली. पण पाठीवरच्या बोज्यातला पदार्थ पृथ्वीवर होता तेवढाच होता. त्याने हवेतच त्यांना मागे खेचलं आणि ते पाठीवर, म्हणजे थेट त्या पेटीवर, पडले. पेटी फुटली असती तर परत यायची वाटच राहिली नसती. सुदैवाने काही झालं नाही.

आपल्यातले जे लोक डॉक्टरांच्या काट्यावर चढताना चपला काढतात, पाकीट बाजूला ठेवतात आणि श्वासही रोखतात, त्यांच्यासाठीही यात निरोप आहे. चंद्रावर काटा दहा किलो दाखवेल, पण पोट आणि साखर दोन्ही सोबतच येतील.

पनवेलातही वजन बदलतं

चंद्र लांब राहिला, वजन तर पृथ्वीवरही जागोजाग बदलतं. शिरढोणहून महामार्गाने पेणच्या बाजूला निघालं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. पायथ्याशी साठ किलो भरणारा माणूस गडावर पोचला की पृथ्वीच्या मध्यापासून साधारण साडेचारशे मीटर लांब जातो आणि त्याचं वजन कमी होतं. किती? दहा ग्रॅमसुद्धा नाही. चढताना गाळलेला घाम याहून कितीतरी जास्त भरेल.

यापेक्षा मोठा फरक उत्तर-दक्षिण गेल्यावर पडतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे. त्यामुळे विषुववृत्तावर ओढ सगळ्यात कमी आणि ध्रुवांवर सगळ्यात जास्त. दोहोंत शेकडा अर्ध्याच्या आसपास तफावत. आपण रायगड-मुंबईवाले विषुववृत्ताच्या बरेच जवळ. लंडन बरंच वर. आपल्या कोकणी मुस्लिम घरांतली माणसं आखातात आणि ब्रिटनमध्ये पिढ्यान्पिढ्या आहेत, तेव्हा हा हिशेब आपल्या कामाचा आहे.

समजा, तिकडून येताना कुणी लंडनमध्ये जुळवलेला एक झकास इलेक्ट्रॉनिक काटा आणला. तो इथे पुन्हा न जुळवता वापरला तर १०० ग्रॅम सोनं ९९.७३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. पाव ग्रॅमहून थोडी जास्त तूट. कांद्याबटाट्याला याने काही होत नाही. पण सोन्याच्या आजच्या भावात पाव ग्रॅम म्हणजे हजारांचा मामला. आणि इथे कुणाची नियत खोटी नाही, काटाही बिघडलेला नाही. तो फक्त दुसऱ्या गावच्या ओढीवर शिकलेला आहे.

म्हणूनच चांगल्या काट्यासोबत एक प्रमाण वजन देतात. ते ठेवून काटा ज्या गावी वापरायचा त्या गावी जुळवायचा असतो. थोडक्यात, इलेक्ट्रॉनिक काट्यालाही अधूनमधून जुन्या तराजूच्या वजनांपाशी येऊन धडा गिरवावा लागतो. वजनमापे खातं, म्हणजे वैधमापन शास्त्र यंत्रणा, दुकानातले इलेक्ट्रॉनिक काटे दर वर्षी तपासून शिक्का मारते आणि तसं प्रमाणपत्र दुकानात लावायचं असतं. सोनं घेता-देताना त्याच्यावर नजर टाकायला संकोच करू नये. "मापात पाप" ही म्हण मराठीत उगाच आलेली नाही. आपल्याकडे तर कुरआनातल्या एका सूरहचं नावच, मुतफ्फिफीन, माप मारणाऱ्यांवरून आहे.

अल-खाझिनीचा तराजू

आता थोडं नऊशे वर्षं मागे जाऊ. आजच्या तुर्कमेनिस्तानात मर्व नावाचं शहर होतं, सेल्जुक सुलतान संजर यांच्या राज्यातलं. तिथे अब्दुर्रहमान अल-खाझिनी हे विद्वान होऊन गेले. मूळचे गुलाम. ज्या मालकाकडे होते त्याने त्यांना शिकवलं. सन ११२१ मध्ये त्यांनी 'मीझानुल हिकमा', म्हणजे शहाणपणाचा तराजू, हा ग्रंथ लिहिला. त्यात पाच पारड्यांच्या एका तराजूचं वर्णन आहे. सोनं पाण्यात आणि हवेत तोलून त्यात भेसळ किती आहे हे या तराजूवर पकडता येई.

याच ग्रंथात त्यांनी असं मांडलं की वस्तूचा जडपणा ठरलेला नसतो, जगाच्या मध्यापासून ती किती लांब आहे यावर तो अवलंबून असतो. न्यूटनच्या साडेपाचशेहून जास्त वर्षं आधी हा विचार करणं ही मोठी गोष्ट आहे.

मात्र इथे थांबून खरं तेच सांगितलं पाहिजे. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत "मुसलमानांनी न्यूटनच्या आधीच गुरुत्वाकर्षण शोधलं" असं ठोकून दिलेलं असतं. अल-खाझिनींचा समज होता की मध्यापासून लांब गेलं की जडपणा वाढतो. प्रत्यक्षात तो घटतो. म्हणजे वजन बदलतं हे त्यांनी बरोबर ओळखलं, ते कुठल्या बाजूला बदलतं ते चुकलं. यात त्यांचा काही कमीपणा नाही. त्या काळी कर्नाळ्याएवढ्या डोंगरावरचा फरक पकडणारा काटाच जगात नव्हता. ज्याने आयुष्यभर भेसळ पकडायचा तराजू केला, त्याच्या कौतुकात भेसळ नको.

सजदा कुठे शक्य, कुठे नाही

आपांच्या मुलाने चिठ्ठीच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात आणखी एक प्रश्न लिहिला आहे. "चंद्रावर नमाज कशी पढायची? माणूस उडणार नाही का?"

नाही उडणार. टीव्हीवर तरंगताना दिसतात ते अंतराळ स्थानकातले लोक. तिथे माणूस तरंगतो याचं कारण ओढ नसणं हे नव्हे. स्थानक फक्त चारशे किलोमीटर वर आहे आणि तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. पण स्थानक, त्यातली माणसं आणि सामान सगळंच एकत्र पृथ्वीभोवती अखंड पडत असतं. उरुसातल्या आकाशपाळण्यात वरून खाली येताना क्षणभर पोटात गोळा येतो आणि अंग हलकं वाटतं ना? तिथे तो क्षण संपतच नाही. पायाखालची जमीनही सोबतच पडत असल्यामुळे काट्यावर दाब येत नाही आणि काटा शून्य दाखवतो. मग अंतराळवीरांना "तोलायचं" कसं? त्यांना स्प्रिंगच्या साधनावर धरून हलवतात. अंगात पदार्थ जास्त तितकं हेलकावणं सावकाश, आणि त्यावरून किलो काढतात.

अंतराळात गेलेले पहिले मुस्लिम म्हणजे सौदी अरबचे सुलतान बिन सलमान, जून १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून. मलेशियाचे डॉक्टर शेख मुजफ्फर शुकूर १० ऑक्टोबर २००७ रोजी स्थानकाकडे निघाले तेव्हा रमजान चालू होता, आणि ईद त्यांनी वरच केली. त्यांच्यासाठी मलेशियाच्या इस्लामी खात्याने उलेमांकडून खास मार्गदर्शन तयार करून घेतलं होतं. नमाजेत उभं राहणं, झुकणं जमेल तसं, नाही जमलं तर इशाऱ्याने. किब्ल्यासाठी शक्य असेल तर काबा, नाहीतर काब्याच्या वरच्या अवकाशाची दिशा, तेही नाही तर पृथ्वी, आणि काहीच शक्य नसेल तर जिकडे तोंड असेल तिकडे.

चंद्रावर मात्र सहावा हिस्सा का होईना, वजन आहे. पाय जमिनीवर टिकतात. पोशाख आड येईल ते वेगळं, पण एखाद्या बंद निवाऱ्यात माणूस उभा राहू शकेल, रुकूत जाऊ शकेल, सजद्यात कपाळ जमिनीला टेकवू शकेल. छत्तीस किलोच्या मुलाला तिथे सहा किलोंइतकाच भार जाणवेल, तेव्हा सजद्यातून उठताना जरा बेतानेच उठावं लागेल.

आणि किब्ला? चंद्र आपली एकच बाजू कायम पृथ्वीकडे ठेवून फिरतो. म्हणून चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर उभं राहिलं तर पृथ्वी तिथल्या आकाशात उगवत नाही की मावळत नाही. थोडीशी डुलते, पण जवळजवळ एकाच जागी टांगलेली असते. विक्रम जिथे उतरलं तिथून ती उत्तरेच्या अंगाला, क्षितिजापासून फार वर नाही, अशी दिसेल. आपल्याला इथून चंद्र दिसतो त्याच्या पावणेचार पट रुंद.